डिस्ने वर्ल्डमध्ये जेवायचे कधी?

दुपारी एकच्या सुमारास ऑर्लँडोच्या मॅजिक किंगडममधल्या कुठल्याही खाण्याच्या ठिकाणी जा, चित्र साधारण सारखेच असते. बाबागाडीत रडून रडून दमलेले मूल, फोनवर मेन्यू वर-खाली सरकवणारी त्याची आई, सावली शोधत कठड्यावर टेकलेले आजोबा आणि ऑर्डरच्या रांगेत घामाघूम बाबा. सकाळी साडेसातला हॉटेलमध्ये घाईघाईत एक मफिन आणि कॉफी झालेली असते. त्यानंतर चार-पाच किलोमीटर चाल आणि तीन-चार रांगा झाल्या, पण पोटात काही गेलेले नाही. अशा वेळी काउंटरवर जे मागवले जाते ते ठरलेलेच असते: बर्गर, फ्राइज आणि बर्फाने भरलेला मोठा कोला. त्या घडीला कोणी शांतपणे मेन्यू वाचून भाज्यांची थाळी निवडेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

थीम पार्कच्या सहलीवरून परतल्यावर पोट बिघडले, साखर वाढली, मुलांनी आठवडाभर फळ खाल्ले नाही, अशा तक्रारी घरोघरी ऐकू येतात, आणि दोष दिला जातो तिथल्या पदार्थांना. माझे म्हणणे असे, की दोष पदार्थांचा थोडा आणि वेळेचा फार आहे. डिस्ने वर्ल्डमध्ये चांगले खायला मिळते. ते निवडण्याच्या मनःस्थितीत आपण काउंटरपर्यंत पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे.

हे नीट कळायला त्या जागेचा आवाका लक्षात घ्यावा लागतो. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले, तेव्हा तिथे मॅजिक किंगडम हे एकच पार्क होते. १९८२ मध्ये एपकॉट आले, १९८९ मध्ये आज हॉलीवूड स्टुडिओज म्हणून ओळखले जाणारे पार्क आले आणि १९९८ मध्ये अॅनिमल किंगडम. या सगळ्याचा परिसर सुमारे १०० चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहरापेक्षाही मोठा. दिवसभरात दहा-बारा किलोमीटर चालणे इथे कोणालाच चुकत नाही. त्यातून आपल्याकडचे बहुतेक लोक मे-जूनच्या सुट्टीत जातात. तेव्हा फ्लोरिडात पारा ३२-३३ अंशांवर असतो, हवेत मुंबईसारखा दमटपणा असतो आणि दुपारी गडगडाटासह पाऊस येतो. उन्हात भूक मरते, हा आपला रोजचा अनुभव आहे. मुले अकरा-बाराला ‘भूक नाही’ म्हणतात ती खोटे बोलत नसतात. पण वातानुकूलित इमारतीत शिरून दहा मिनिटे झाली, की मेलेली भूक एकदम उसळते आणि मग समोर दिसेल ते हवे असते.

पार्कातले खाणे असे हातात धरून, चालता चालता खाण्यासारखे का असते, यालाही इतिहास आहे. कॅलिफोर्नियातले पहिले डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडले तेव्हापासून खाद्यपेय कंपन्या तिथे स्वतःच्या नावाने हजर होत्या. मेन स्ट्रीटवर कोका-कोलाचे पेयगृह होते, कार्नेशन कंपनीचे आइस्क्रीम पार्लर होते. फ्रिटो कंपनीचे ‘कासा दे फ्रिटोस’ नावाचे मेक्सिकन खाणावळवजा हॉटेल होते. तिथे उरलेल्या टॉर्टियांचे तुकडे तळून मसाला लावून विकायला सुरुवात झाली आणि पुढे १९६० च्या दशकात त्यातून डोरिटोस हे चिप्स बाजारात आले, असे सांगितले जाते. पाहुण्याने बसून वेळ घालवण्यापेक्षा हिंडत राहावे, ही पार्कची सोय. त्यामुळे पॉपकॉर्न, चुरो, मिकीच्या आकाराचे प्रेट्झेल आणि टर्कीची तंगडी हे तिथले राजे झाले. ही तंगडी हाडासकट अर्धा-पाऊण किलोची असते. ती आधी मिठाच्या पाण्यात मुरवतात आणि मग धुरावर शिजवतात. रक्तदाबाच्या माणसाने ती एकट्याने संपवणे म्हणजे दिवसभराच्या मिठाची मर्यादा एका बैठकीत ओलांडणे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते.

मात्र गेल्या काही वर्षांत तिथे बदलही झाला आहे आणि तो प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. २००६ मध्ये डिस्नेने मुलांच्या खाण्याविषयी धोरण जाहीर केले आणि मुलांच्या थाळीसोबत फ्राइज आणि कोलाऐवजी फळ किंवा भाजी, आणि कमी स्निग्धांशाचे दूध, पाणी किंवा रस आपोआप येऊ लागला. फ्राइज हवे असतील तर मिळतात, पण तसे सांगावे लागते. या साध्या फेरफाराचा परिणाम अभ्यासकांनी मोजला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार जवळजवळ निम्म्या वेळा फळ-भाजी आणि दोन तृतीयांश वेळा आरोग्यदायी पेय तसेच ठेवले गेले. कोणाला उपदेश केला नव्हता, फलक लावले नव्हते. जे समोर आले ते लोकांनी खाल्ले. दमलेला माणूस निवड करत नाही, समोर येईल ते घेतो. म्हणून समोर काय यावे हे दमण्याआधी ठरवायचे. पुढचे सगळे सल्ले या एका गोष्टीतून निघतात.

त्यासाठी दिवसाची आखणी अशी करावी. न्याहारी राहत्या जागीच, आणि भरपेट. बरीच मराठी कुटुंबे जवळच्या किसिमी भागात स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतात. तिथे तर पोहे, उपमा, ऑम्लेट-पोळी सहज होते. हॉटेलात असाल तर डिस्नेच्या खोल्यांत छोटा फ्रिज असतो. पब्लिक्स किंवा वॉलमार्टमधून पहिल्याच दिवशी दूध, दही, उकडलेली अंडी, केळी, सफरचंद, शेंगदाण्याचे बटर आणि गव्हाचा ब्रेड आणून ठेवला, की सकाळचा प्रश्न मिटतो. न्याहारीत प्रथिने हवीतच. नुसता डोनट आणि रस घेतला तर दोन तासांत पुन्हा पोकळी जाणवते. अंडे, दही, शेंगदाणे पोटात असले तर अकरापर्यंत माणूस शांत राहतो.

आणि अकराला जेवायचे. हे ऐकायला विचित्र वाटते, पण थीम पार्कात याहून मोलाचा सल्ला माझ्याकडे नाही. बाराला सगळे पार्क एकदम भुकेले होते आणि दीडपर्यंत टेबलही मिळत नाही. अकराला जागा असते, सावली असते, सोबतच्या माणसांचे डोके ठिकाणावर असते. डिस्नेच्या अॅपवरून आधी ऑर्डर देता येते. ती सकाळी पहिल्या राइडच्या रांगेत उभे असतानाच देऊन टाकावी. पोट भरलेले असताना मागवलेली थाळी आणि भुकेल्या पोटी मागवलेली थाळी यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. जेवल्यावर, ऊन तापलेले असताना, बंदिस्त वातानुकूलित कार्यक्रम पाहावेत किंवा सरळ खोलीवर जाऊन झोपावे. चारला काहीतरी तोंडात टाकावे. रात्रीचे जेवण साडेसहापर्यंत, कारण आतषबाजी नऊ-दहाला असते आणि त्यानंतर बस, बोट किंवा मोनोरेलच्या गर्दीतून खोलीवर पोहोचायला सहज तासभर जातो. साडेअकराला पिझ्झा मागवला जातो तो या तासाभरातल्या भुकेपायी. जेट लॅगही भर घालतो. उन्हाळ्यात ऑर्लँडो भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असते आणि पहिले तीन-चार दिवस पोट पुण्याच्या वेळेवर चालते.

चारच्या खाण्यासाठी शिदोरी. आजीच्या गोष्टीतला प्रवासी तहानलाडू-भूकलाडू घेऊन निघायचा, आणि डिस्नेलाही त्यावर हरकत नाही. बाहेरचे खाणे आणि मद्य नसलेली पेये आत नेता येतात, हे अनेकांना माहीतच नसते. अटी थोड्या आहेत: काचेच्या बाटल्या चालत नाहीत, सुटा बर्फ चालत नाही, मोठी कूलर पेटी चालत नाही. सुट्या बर्फाऐवजी रात्री फ्रिजरमध्ये अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटल्या गोठवाव्यात आणि सकाळी वर पाणी भरावे. त्या डब्याला गार ठेवतात आणि दुपारी पिण्याच्या कामाला येतात.

डब्यात काय न्यायचे हे मात्र उन्हाकडे पाहून ठरवावे. अमेरिकेतला अन्नसुरक्षेचा नियम सांगतो, की नासण्यासारखे पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणजे दहीभात, अंड्याचे सँडविच, पनीर रोल पाठीवरच्या पिशवीत घालून अर्धा दिवस हिंडणे धोक्याचे. आपल्या आज्या-पणज्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, भाजलेले चणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, कोरडी शेंगदाण्याची चटणी: यातले काही उन्हाला भीत नाही. पुऱ्या तळलेल्या असल्या तरी दोन पुऱ्या आणि मूठभर चणे ही चारची पोटपूजा चुरोपेक्षा कितीतरी बरी, कारण चण्यात प्रथिने आहेत, तंतू आहेत आणि त्याने सातपर्यंत तग धरता येतो. भारतातून नेताना मांसाचे पदार्थ, ताजी फळे, भाज्या आणि पेरण्याजोग्या बिया टाळाव्यात आणि जे खाणे सामानात आहे ते अमेरिकेच्या कस्टम्सला न लपवता सांगावे. लपवल्यास दंड होतो, सांगितल्यास फार तर एखादी वस्तू काढून घेतात. ओल्या चटण्या आणि लोणची विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नयेत. सुरक्षा तपासणीत ती द्रवात मोजली जातात आणि १०० मिलिलीटरच्या वर अडवली जातात.

एक बारीक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. मॅजिक किंगडमचा वाहनतळ पार्कला लागून नाही. गाडी लावून पुढे मोनोरेल किंवा फेरीबोटीने तलावापलीकडे जावे लागते. ‘डबा गाडीत ठेवू, जेवायला परत येऊ’ हा बेत तिथे फसतो, जाण्यायेण्यात तास जातो. त्या दिवशी डबा सोबत घ्यावा किंवा दाराजवळच्या लॉकरमध्ये ठेवावा. बाकी तिन्ही पार्कांत गाडी तुलनेने जवळ असते.

पाण्याबद्दल थोडे. पार्कातल्या झटपट खाण्याच्या ठिकाणी काउंटरवर मागितले, की बर्फ घातलेल्या पाण्याचा पेला फुकट मिळतो. फ्लोरिडाच्या नळाच्या पाण्याला जरा वास येतो म्हणून लोक बाटल्या विकत घेतात किंवा सोड्याकडे वळतात. लिंबाची फोड किंवा पुदिन्याची पाने बाटलीत टाकली तर तो वास जाणवत नाही. कोलाच्या ३५५ मिलिलीटरच्या डब्यात ३९ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपासच ठेवायला सांगते. पार्कातला मोठा पेला त्या डब्यापेक्षा मोठाच असतो, आणि उन्हात असे दोन-तीन सहज रिचतात. सहलीत साखरेचा सर्वांत मोठा वाटा आइस्क्रीमचा नसून पेयांचा असतो, म्हणून वाचवायचे असेल तर तिथे वाचवावे आणि आइस्क्रीम खुशाल खावे. अॅडव्हेंचरलँडमध्ये मिळणारा अननसाचा डोल व्हिप जरूर चाखावा. नुसता अननसाचा घेतला तर त्यात दूधही नसते. सगळ्यांनी मिळून दिवसाचा एक गोड पदार्थ ठरवावा, बसून खावा, मुलांच्या मागे ‘पुरे आता’ लावू नये.

जेवणासाठी मला सर्वांत आवडणारी जागा एपकॉटमधले ‘द लँड’. हे दालन पार्कइतकेच जुने, १९८२ चे. इथे ‘लिव्हिंग विथ द लँड’ नावाची संथ बोटीची सफर आहे. रोमहर्षक काही नसल्याने पुष्कळ लोक ती वगळतात. वगळू नये. बोट खऱ्याखुऱ्या हरितगृहांतून जाते. मातीशिवाय वाढणाऱ्या भाज्या, हवेत लोंबणाऱ्या मुळांवर उडणारे पोषक पाण्याचे तुषार, झाडासारखी वाढवलेली वांगी, साच्यात घालून मिकीच्या आकाराचे केलेले भोपळे, टाक्यांत पोसलेले मासे. इथला काही माल पार्कातल्याच खाणावळींच्या स्वयंपाकात जातो. ताटात भाजी दिसली की तोंड फिरवणारी मुले इथे बोटीच्या काठावरून वाकून पाहतात. त्याच इमारतीत खाली ‘सनशाइन सीझन्स’ नावाची साधी खाण्याची जागा आहे आणि सफरीनंतर थेट तिथे जेवायला बसणे हा उत्तम क्रम आहे. मुलांना भाजी खा म्हणून सांगावे लागते ते कमी होते.

अॅनिमल किंगडममध्ये पँडोरा विभागातले ‘सातूली कँटीन’ आपल्या जेवणाच्या सवयीला जवळचे. तिथे वाडग्यात भात, धान्य, सॅलड असा आधार निवडायचा आणि त्यावर टोफू, चिकन वगैरे घ्यायचे. घरची चव फारच आठवू लागली तर अॅनिमल किंगडम लॉजमधले ‘सनाआ’ आहे. तिथे आफ्रिकी आणि भारतीय पद्धतींचा मेळ घातलेला असतो, नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या मिळतात आणि खिडकीबाहेर झेब्रे-जिराफ चरत असतात. नानचे ते ताट चौघांत वाटून घ्यावे.

वाटून घेणे हा तिथला शिरस्ताच करावा. अमेरिकेतला एक वाढप आपल्या दोघांना पुरतो. झटपट काउंटरवर मोठ्या माणसानेही मुलांची थाळी मागवली तर कोणी हरकत घेत नाही. माफक मुख्य पदार्थ, फळ आणि पाणी असे नेमके जेवण त्यात मिळते. याउलट आगाऊ पैसे भरून घेतलेली जेवणाची योजना आणि बुफे यांत ‘पैसे भरलेत, वसूल करू’ ही भावना आवरत नाही. योजनेत रोजचा खाऊ आणि पेयही धरलेले असते, मग भूक नसतानाही ते घेतले जाते. पैशांचा हिशेब जमला तरी पोटाचा जमत नाही. चार-पाच दिवसांसाठी मी ती घेण्याच्या विरोधात आहे.

शाकाहारी माणसांनी थोडी सावधगिरी बाळगावी. २०१९ पासून डिस्नेच्या मेन्यूंवर पूर्ण वनस्पतीजन्य पदार्थांपुढे पानाची खूण दिसते, तिच्यावर भरवसा ठेवावा. खूण नसेल तर विचारावे: भात चिकनच्या पाण्यात शिजवला आहे का, राजम्याच्या लगद्यात प्राण्यांची चरबी आहे का, फ्राइज आणि मांस एकाच तेलात तळतात का. नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. मांस नाही, मासे नाहीत, अंडे नाही, असे एकेक सांगावे. अॅलर्जी असणाऱ्यांकडे तिथले कर्मचारी मनापासून लक्ष देतात, स्वतंत्र मेन्यू दाखवतात.

राइडच्या आधी काय खावे, हेही लोक विचारतात. तेलकट जेवण पोटात जास्त वेळ राहते आणि गरगर फिरवणाऱ्या राइडमध्ये ते वर येते. अगदी रिकाम्या पोटीही मळमळते. एपकॉटमधल्या ‘मिशन स्पेस’च्या आसनांजवळ उलटीसाठी पिशव्याच ठेवलेल्या असतात. अशा राइड सकाळी, तेलकट नसलेल्या न्याहारीनंतर तासाभराने कराव्यात. खिशात आलेपाकाची वडी असू द्यावी, पुष्कळांना तिने बरे वाटते.

मधुमेह असणाऱ्यांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि एरवी दोन किलोमीटर चालणारा माणूस अचानक बारा किलोमीटर चालला, तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून मात्रेत काही बदल हवा का ते ठरवावे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे उन्हाने थकल्यासारखीच दिसतात, म्हणून अंदाज न करता ग्लुकोमीटरने तपासावे. साखर ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साधी साखर घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे. इन्सुलिन उन्हात खराब होते. प्रत्येक पार्कात प्रथमोपचार केंद्र आहे आणि तिथे औषध फ्रिजमध्ये ठेवून देतात.

शेवटी एक विनंती, आणि ती मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्या आई-बाबांना. मुलाने हौसेने तिकिटे काढलेली असतात, नातवंडांना एक राइड चुकवायची नसते, आणि तुम्ही ‘माझ्यासाठी कशाला थांबता’ म्हणत तीन वाजेपर्यंत उपाशी चालत राहता. तसे करू नका. सहल ठरतानाच मुलाला फोनवर सांगा: आम्ही अकराला जेवणार, दुपारी दोन तास पडणार, चारला काहीतरी खाणार. तुमच्यामुळे नातवंडेही वेळेवर जेवतील.